गाडीपुढचा नारळ

आमच्या कामगार न्यायालयात एक पद्धत होती. ती पाहायला तिकीट लावलं असतं, तर मी रोज रांगेत उभी राहिले असते. पिंजऱ्यातला साक्षीदार जे बोलेल ते तसंच्या तसं कागदावर उतरत नसे. न्यायाधीशसाहेब ते ऐकायचे, डोळे मिटून मनाशी जुळवायचे आणि मग टाइपरायटरवर बसलेल्या टंकलेखकाला साक्षीदाराच्याच तोंडचं वाक्य करून सांगायचे. एखादी बाई पदर तोंडाला लावून पुटपुटायची, “मशीनमधी हात गेला,” की साहेब गर्जायचे, “माझा उजवा हात यंत्रात अडकला!” एकाच दुपारी ते हात गेलेली बाई व्हायचे, दारावरचा वॉचमन व्हायचे आणि लगेच कारखान्याचे मॅनेजरही व्हायचे. कॉलेजात मी एकांकिका केल्या होत्या. इतक्या भूमिका इतक्या झपाट्यानं बदलणारा नट मला तिथे भेटला नव्हता.

गर्जण्याला कारण होतं. टंकलेखक निवृत्तीला टेकलेले होते आणि त्यांना एका कानानं कमी ऐकू यायचं. टाइपरायटरही असा खडखडायचा की शेजारच्या दालनातले वकील दार लोटून घ्यायचे.

मी नाशकातल्या एका जुन्या वकिलांकडे ज्युनिअर होते. नव्वदीचं दशक निम्मं सरलं असेल. चेहरा गंभीर ठेवून आतल्या आत हसायची कला मी त्या दालनातच शिकले. एका दिवशी मात्र ती कला उपयोगी पडली नाही.

आमचा पक्षकार ट्रक ड्रायव्हर होता. मूळचा दिंडोरीकडचा, तिशीतला, देखणा, केसांचा कोंबडा जपणारा. बायको-मुलांसह पंचवटीत खोली घेऊन राहायचा. द्राक्षं, टोमॅटो, कांदा, जो हंगाम असेल तो माल मुंबईला पोचवायचा. कसारा घाटात ब्रेक लागला नाही. समोर माणसं भरलेली जीप होती, म्हणून यानं ट्रक डोंगराच्या अंगाला घातला. जीपमधली माणसं वाचली. याचा उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

कामावर असताना इजा झाली तर भरपाई मालकानं द्यायची, असा कायदा. एरवी अशा दाव्यांत ट्रकमालक फार त्रास देत नसत, कारण भरपाई विमा कंपनी भरायची. उलट ते कोर्टात छातीठोकपणे सांगायचे, हो हो, माझाच ड्रायव्हर. पण या ट्रकच्या विम्याची मुदत संपली होती आणि शेठनं तो पुन्हा काढला नव्हता. म्हणजे भरपाई त्याच्या खिशातून जाणार होती. मग शेठनं लेखी जबाब दिला की हा माणूस माझा नोकर नाहीच. ट्रक मी त्याला तोंडी व्यवहारानं विकला, तो भाड्यातून हप्ते फेडत होता, कागदावर नाव चढवायचं तेवढं राहिलं. थोडक्यात, आमच्या ड्रायव्हरचा पाय गेला आणि ट्रक आला. निदान जबाबाप्रमाणे तरी.

हसू नका. मीही पहिल्यांदा हसले, तेव्हा आमच्या वकीलसाहेबांनी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं. “असे तोंडी व्यवहार या धंद्यात खरोखर होतात,” ते म्हणाले, “आणि शेठकडे साक्षीदार आहे.”

“कोण?”

“आपल्याच पक्षकाराचा सासरा.”

हा सासरा कळवणकडचा कांदेवाला शेतकरी. लग्नाची बोलणी चालली तेव्हा त्याची एकच अट होती, पोरगी ड्रायव्हरला द्यायची नाही. रस्त्यावरचं आयुष्य, आज आहे उद्या नाही. तेव्हा शेठच आमच्या ड्रायव्हरच्या मदतीला धावला. त्या काळात दोघांचं खरंच सख्य होतं. शेठ पांढरी सफारी घालून कळवणला गेला, मुलीच्या बापाच्या ओट्यावर मांडी घालून बसला आणि म्हणाला, “ड्रायव्हर कोण म्हणतं? गाडी पोराचीच आहे. माझं निव्वळ नाव कागदावर.” लग्न जमलं. वरात त्याच ट्रकमधून निघाली. एक खोटं, चांगल्या मनानं बोललेलं, आणि सगळ्यांनी पेढे खाल्ले.

आता तेच खोटं शेठ कोर्टात खरं म्हणून आणत होता.

साक्षीच्या आधी आम्ही ऑफिसात तालीम घेतली. वकीलसाहेबांचा काळा कोट खांद्यावर टाकून मी शेठचा वकील झाले, आणि माझ्याच तोंडानं सांगते, भूमिका छान जमली होती. मी दोन्ही अंगठे कोटाच्या काठाला अडकवून विचारलं, “बोला, तुम्ही ट्रकवर नोकर होता की मालक?”

ड्रायव्हरनं कुबड्या भिंतीला टेकवल्या होत्या. तो त्यांच्याकडे बघत राहिला.

“ताई, ‘गाडीवर होतो’ असं म्हटलं तर नाय का चालणार?”

“गाडीवर तर टपावर बसलेला कावळाही असतो,” वकीलसाहेब म्हणाले. “शब्द बोलायला लागेल. नोकर.”

“एकांतात बोलतो की साहेब. पण मामा येणार.” सासऱ्याला तो मामा म्हणायचा. “सासरवाडीला मी गेलो की पहिल्या पंगतीला बसवतात. मेहुणे शेठ म्हणून हाक मारतात. मामा सगळ्या गावाला सांगतात, माझ्या जावयानं स्वतःच्या बळावर गाडी केली. त्यांच्या तोंडावर कसं म्हणू, मी नोकर हाय?”

“बायकोला माहीत आहे?” मी विचारलं.

“तिला लग्नानंतर आठ दिवसांतच कळलं. शेठनं गाडी धुवायला बोलावलं अन् मी उठून गेलो. बोलली, मालक असे पळत जात नसतात. पण बापाला नाय सांगितलं तिनं.”

वकीलसाहेबांनी त्याची समजूत घातली. ज्याची साक्ष व्हायची आहे त्याला आधी दालनाबाहेर बसवतात, असा नियम. तुझं बोलणं सासऱ्याच्या कानावर पडणार नाही. तू तुझं खरं बोल, पुढचं आम्ही बघतो.

तेव्हा कुठे त्याच्या खांद्यांवरचा ताण उतरला. चहा आला. चहा पिताना तो आपण होऊन गाडीबद्दल बोलत राहिला. दसऱ्याला ती कशी नटवायचा, टायरला काळा रंग कसा द्यायचा. मामा दरसाल मळ्यातला झेंडू घेऊन लेकीकडे यायचे, त्याची माळ समोरच्या काचेवर. शेठच्या दारात पूजा. शेठाणी कुंकू लावायची, शेठ नारळ फोडायचा, मग हा चाकांखाली लिंबं ठेवून गाडी हळूच पुढे घ्यायचा. “लिंबू फुटल्याचा आवाज केबिनमधी ऐकू येतो ताई. लय बरं वाटतं.”

वकीलसाहेबांची बशी तोंडापाशी थांबली होती.

साक्षीच्या दिवशी वीज गेली होती. पंखे बंद, म्हणून शिपायानं व्हरांड्याकडच्या सगळ्या खिडक्या उघडून टाकल्या. व्हरांड्यात खिडकीखालीच बाकडं होतं आणि बाकड्यावर पांढरी टोपी, पांढरं धोतर, मांडीवर पिशवी घेऊन सासरा बसला होता. नियमाप्रमाणे बाहेर.

ड्रायव्हर पिंजऱ्यात उभा राहिला. त्यानं बाहेरची टोपी पाहिली. वकीलसाहेबांनी विचारलं, “तुम्ही ट्रकवर काय म्हणून काम करत होता?”

त्याचे ओठ हलले.

“मोठ्यानं,” न्यायाधीश म्हणाले.

पुन्हा ओठ हलले. न्यायाधीश पुढे झुकले, कान देऊन त्यांनी ऐकलं, डोळे मिटले, जुळवलं. काय होणार हे मला त्या क्षणी कळलं. आणि साहेब टंकलेखकाकडे वळून सगळ्या इमारतीला ऐकू जाईल असं म्हणाले, “मी सदर ट्रकवर पगारी नोकर होतो! मी ट्रकचा मालक कधीही नव्हतो!”

टाइपरायटर खडखडला. खिडकीतली टोपी हळूहळू वर आली.

मग शेठच्या वकिलानं उलटतपास सुरू केला. तो माझ्यासारखा कोटाला अंगठे अडकवत नव्हता. मऊ आवाजात बोलत होता, आणि ते जास्त वाईट होतं. “लग्न जमताना ट्रक तुमचा आहे असं सासऱ्यांना सांगितलं होतं ना?”

ड्रायव्हरनं मान हलवली.

“मान हलवलेली लिहिता येत नाही,” न्यायाधीश म्हणाले.

तो काहीतरी पुटपुटला. बऱ्याच वेळानं साहेबांना ते उमगलं असावं. त्यांचा यात काहीच दोष नव्हता, ते त्यांचं काम करत होते. त्यांनी वाक्य नीट बांधलं आणि खणखणीत सांगितलं, “ट्रक माझा आहे असे मी माझ्या सासऱ्यांना खोटे सांगितले होते!”

ओळ संपली की टाइपरायटरची घंटी वाजते, तशी ती वाजली. मी ड्रायव्हरकडे पाहिलं नाही. समोरच्या फाइलची दोरी सोडून पुन्हा बांधली.

म्हातारा लांबून आलाय, त्याचीही साक्ष आजच घ्या, अशी शेठच्या वकिलानं विनंती केली. आमची हरकत नव्हती. पुकारा झाला आणि सासरा आत आला. तुम्हाला वाटेल की तो खचला असेल. मलाही तसंच वाटलं होतं. पण तो तावातावानं आला. शपथ घेतली आणि कोणी काही विचारायच्या आधीच न्यायाधीशांपुढे हात जोडून म्हणाला, “साहेब, ह्या पोराला कोणीतरी पढवलंय. माझा जावई कोणाचा नोकर नाय. गाडी त्याची हाय. पाय गेला म्हणून मान्सानं इज्जत पण घालवायची का?”

“शांत व्हा बाबा. विचारतील तेवढंच सांगा.”

“ह्या बाईनीच पढवलं असंल,” तो माझ्याकडे बोट करून म्हणाला. मागच्या बाकावर कोणीतरी खिदळलं.

शेठच्या वकिलाला फार काही विचारावं लागलं नाही. शेठ माझ्या ओट्यावर येऊन बोलले, गाडी पोराची. सगळ्या गावाला ठाऊक. प्रत्येक वाक्य साहेब मोठ्यानं उचलत होते आणि प्रत्येक वाक्यानं जावयाची भरपाई थोडी थोडी लांब जात होती. शेठ पहिल्या बाकावर बसून गुडघा हलवत होता. सासरा जावयाला वाचवत होता, निदान त्याला तसं वाटत होतं. तिकडे जावई कुबडीच्या मुठीवर कपाळ टेकून बसला होता. त्याचं सगळंच त्या म्हाताऱ्याच्या जिभेवर होतं, आणि म्हाताऱ्याच्या मनात मायेशिवाय काही नव्हतं.

आमचे वकीलसाहेब उठले. ते स्वतः शेतकऱ्याच्या घरातले. ओट्यावर गप्पा माराव्यात तसे बोलू लागले.

“बाबा, दसऱ्याला जावयाची गाडी पाहायला येत होतात ना?”

“दरसाल. झेंडू माझ्या मळ्यातला असतो.”

“पूजा कुठं व्हायची?”

“शेठच्या दारात.”

“गाडीपुढचा नारळ कोण फोडायचं?”

“शेठ.” आणि लगेच, कोणी न विचारता, “वडलांच्या जागी हायेत ते. पाव्हणं मान देतात त्यांना. मी पहिल्या साली इचारलं होतं, पाव्हणं बोलले, मोठ्या मान्साचा मान.”

“बरोबर आहे. मोठ्यांना मान द्यावाच. तुमच्याकडं ट्रॅक्टर आहे?”

“हाय की.”

“दसऱ्याला त्याचीही पूजा होत असेल.”

“मग? आधी ट्रॅक्टर, मग नाशिक.”

“घरात तुमच्याहून मोठं कोणी?”

“थोरले भाऊ हायेत. वायले राहतात, पण पूजेला येतात.”

“मग ट्रॅक्टरपुढचा नारळ थोरले भाऊच फोडत असतील.”

“ते कशाला फोडतील?” म्हातारा जवळजवळ रागावला. “ट्रॅक्टर...”

तिथेच थांबला.

मी नाटकात पुष्कळ थांबे पाहिले आहेत. नट मोजून थांबतात, प्रेक्षक श्वास धरतात. हा थांबा तसला नव्हता. म्हाताऱ्याच्या तोंडातलं वाक्य तसंच उघडं राहिलं होतं आणि तो त्या वाक्याच्या पलीकडे एकेक दसरा पाहत होता. शेठच्या हातातला नारळ. शेठाणीच्या हातातलं कुंकू. लिंबं घेऊन चाकापाशी वाकलेला त्याचा जावई. आणि आपण स्वतः, झेंडूची पिशवी धरून कडेला उभे, समाधानानं बघत.

कळवणकडची माणसं स्वतःशी बोलताना घरच्या बोलीत शिरतात. “आसं शे का,” तो म्हणाला. असं आहे तर. ते कोणी टाइप केलं नाही.

“वाक्य पुरं करा बाबा,” न्यायाधीश म्हणाले.

“ट्रॅक्टर माझा हाय.”

साहेबांनी नेहमीसारखे डोळे मिटले. पण त्या दिवशी पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला नाही. ते टंकलेखकाकडे वाकून हलकेच म्हणाले, “माझ्या ट्रॅक्टरपुढील नारळ मी फोडतो, कारण ट्रॅक्टर माझा आहे.”

“काय साहेब?” टंकलेखकांनी कानामागे हात धरून विचारलं.

मग तेच वाक्य साहेबांना मोठ्यानं म्हणावं लागलं.

“गाडी कोणाची, बाबा?” आमच्या वकिलांनी शेवटचं विचारलं.

“नारळ फोडील त्याची,” म्हातारा म्हणाला आणि पिंजऱ्यातून उतरला.

बाहेर व्हरांड्यात शेठ त्याच्याजवळ गेला. शेठचा चेहराही पडला होता, हे मला सांगितलं पाहिजे. “मामा, तेव्हा मी पोराचं भलं व्हावं म्हणूनच बोललो होतो.”

“तवा पोराचं भलं,” म्हातारा म्हणाला. “अन् आज कोणाचं?”

शेठ निघून गेला. जावई कुबड्यांवर उभा होता. म्हाताऱ्यानं पिशवी काखेत मारली. जावयाला तो नेहमी पाव्हणं म्हणायचा, मघाशी कोर्टातही म्हणाला होता. आता म्हणाला, “चला ड्रायव्हर. माझी यष्टी चुकंल.”

आणि मागे न पाहता चालू लागला. मी पायरीवर उभी राहून बघत होते. तो दहाबारा पावलं जायचा आणि थांबायचा. वळायचा नाही. कुबड्यांची टकटक मागे जवळ आली की पुन्हा चालायचा. असे ते दोघं बसस्टँडच्या गर्दीत दिसेनासे झाले.

निकाल आमच्या बाजूनं लागला. अर्जदार नोकरच होता आणि भरपाई शेठनं द्यायची. शेठ अपिलात गेला, तिथेही काही वर्षं गेली, पण शेवटी मिळायचं ते मिळालं. मधल्या काळात ड्रायव्हरची बायको कधी कधी ऑफिसात यायची. पदरात काहीतरी असायचंच, मेथी नाहीतर लसूण. मी विचारायचे, वडील येतात का?

“येतात की. माझ्याशी बोलतात, नातवंडांशी बोलतात. ह्यांच्याशी नाय. समोर बसून मला म्हणतात, ड्रायव्हरला चहा दे.”

“मग हे काय म्हणतात?”

“चहा पितात,” ती म्हणाली.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. एका दसऱ्याला तिनं मला दिंडोरीजवळच्या गावात बोलावलं. पत्र्याच्या शेडमध्ये पिठाची गिरणी बसवली होती, नवी, निळ्या रंगाची, पट्ट्यावर हळदीकुंकू, तोंडावर झेंडूची माळ. वकीलसाहेब तेव्हा हयात नव्हते. त्यांची आठवण निघाली. मला खुर्ची मिळाली आणि मी तिचा पुरेपूर उपयोग करून सगळ्यांना दिसेल अशी बसले.

सासरा आला होता. मागे, दाराशी, भिंतीला टेकून उभा. हातात रिकामी पिशवी. झेंडू कोणाचा होता ते विचारायची गरज नव्हती.

बायकोनं गिरणीला कुंकू लावलं. ड्रायव्हरच्या एका हातात कुबडी, दुसऱ्या हातात नारळ. त्यानं इकडे तिकडे पाहिलं, मग गर्दीतून वाट काढत दाराशी गेला आणि सासऱ्यापुढे नारळ धरला.

“मामा, तुम्ही फोडा. मोठ्यांचा मान.”

कोर्टातलं सगळ्यांनाच ठाऊक होतं. म्हाताऱ्यानं नारळाकडे पाहिलं, जावयाच्या पायाकडे पाहिलं. हात पुढे केला नाही.

“गिरणी कोणाची?”

“माझी,” ड्रायव्हर म्हणाला. ओठांतल्या ओठांत.

“मोठ्यानं बोला पाव्हणं. ऐकू नाय आलं.”

“माझी!” तो एवढ्या मोठ्यानं म्हणाला की बाहेरचं कुत्रं भुंकलं.

“मग आमच्याकडं काय घेऊन आलात? फोडा.”

एका पायावर तोल सांभाळत नारळ आपटणं सोपं नसतं. मेहुण्यानं कमरेला आधार दिला. पहिल्या फटक्याला नारळ नुसता दचकला, दुसऱ्याला फुटला आणि अर्धं पाणी माझ्या साडीवर उडालं. मी खूप मोठ्यानं तक्रार केली, कारण त्या वेळी कोणीतरी काहीतरी बोलायला हवं होतं.

मग गिरणी सुरू झाली, आणि त्या आवाजात पुढचं कोणालाच काही ऐकू आलं नाही. सासऱ्यानं वाटीतला खोबऱ्याचा तुकडा उचलला, अर्धा जावयाच्या हातावर ठेवला आणि उरलेला दात शाबूत असलेल्या बाजूनं चावत दाराशी उभा राहिला.